‘वेक’ : जागें होणें आणि जागें राहणें

वह्या तपासतांना एका विद्यार्थ्याचें ‘वादळाच्या जागृतीनंतर गांवांत रोगराई पसरली’ असें वाक्य माझ्या पाहण्यांत आलें. मूळ उताऱ्यांत ‘इन दि वेक ऑफ’ असा प्रयोग होता. बिचाऱ्यानें कोश पाहिला होता, आणि कोशांत ‘वेक’ म्हणजे जागें होणें एवढेंच त्याला सांपडलें होतें. वर्गांत हंशा पिकला; परंतु हंसणाऱ्यांपैकीं फारच थोड्यांना या शब्दाची कुळकथा ठाऊक असेल. शिवाय त्याच कुळांतील ‘वोक’ या शब्दावरून हल्लीं सुशिक्षितांच्या घरीं जेवणाच्या पंक्तीला जे वाद रंगतात, ते ऐकल्यावर ती कथा एकदां नीट सांगावी असें मनानें घेतलें.

विद्यार्थ्याला चकविणारा ‘वेक’ प्रथम निकालांत काढूं. जहाजाच्या मागें पाण्यावर जो पट्टा उमटत जातो त्याचें हें नांव, आणि त्याचा झोपेशीं वा जागेपणाशीं काडीचाहि संबंध नाहीं. तो नॉर्स भाषेंतून आला. तेथें त्याचा अर्थ बर्फांतील भगदाड. गोठलेल्या पाण्यांतून नौका गेली म्हणजे मागें मोकळ्या पाण्याची वाट राहते, त्यावरून पुढचा अर्थ निघाला असें मानतात. आमचे वृत्तपत्रकार याचें भाषांतर ‘पार्श्वभूमीवर’ असें करतात. ‘पाठोपाठ’ हा घरचा शब्द हातीं असतांना हा पडदा मागें कशाला टांगावा, हें मला अद्याप उमगलेलें नाहीं.

आतां खरा ‘वेक’. जुन्या इंग्रजींत येथें दोन निराळीं क्रियापदें होतीं. ‘वकन्’ म्हणजे जागें होणें, उगवणें, जन्मास येणें. आणि ‘वकिअन्’ म्हणजे जागें राहणें, पहारा करणें. पहिली क्षणांत घडून संपणारी क्रिया, तर दुसरी रात्रभर चालविण्याची. आपण मराठींत ‘होणें’ आणि ‘राहणें’ लावून हा भेद सहज राखतों. इंग्रजींत मात्र मध्ययुगांत दोन्ही क्रियापदें एकमेकांत मिसळलीं. पहिल्याचें भूतकाळी रूप ‘वोक’ शिल्लक राहिलें, दुसऱ्याचें ‘वेक्ड’ मागें पडलें. त्यांत ‘वेकन’, ‘अवेक’, ‘अवेकन’ यांची भर पडून असा घोळ झाला आहे कीं, खुद्द इंग्रजहि रूपें चालवितांना अडखळतात. माझी मात्र अशी खात्री आहे कीं, या शब्दाचें सारें वैभव दुसऱ्या क्रियापदाकडून आलेलें आहे. पहाऱ्याचा व मनगटावरचा ‘वॉच’ त्याचाच सख्खा भाऊ. वाट पाहण्याचा ‘वेट’ याच जर्मानिक घराण्यांतून फ्रेंचांकडे दत्तक जाऊन इंग्रजींत परत आलेला. लॅटिनमधील ‘विजिल’ हा त्याहून दूरचा आप्त. युग आणि ‘योक’ या जोडींत जसा गकाराचा ककार दिसतो तसाच तो येथेंहि झाला आहे.

आपला ‘जागर’ मात्र या कुळांतला नव्हे. संस्कृत ‘जागृ’चें नातें ग्रीक भाषेंतील जागें असणें या अर्थाच्या धातूशीं आहे, आणि त्या धातूपासून ग्रेगरी हें नांव झालें. तेव्हां आपण भिंतीवर टांगतों त्या ग्रेगोरियन दिनदर्शिकेच्या नांवांत कोजागरीचा धातु लपलेला आहे!

इंग्लंडांत चर्चच्या वार्षिक उत्सवाच्या आदल्या रात्रीं लोक जागत, त्या जागरास ‘वेक’ म्हणत. हळूहळू प्रार्थना मागें पडून जत्रा उरली. पुढें लँकशायरच्या कापडगिरण्यांत हेंच नांव वार्षिक सुटीच्या आठवड्यास चिकटलें. त्या आठवड्यांत गांवच्या गांव ब्लॅकपूलच्या समुद्रकांठीं लोटे. ज्या शब्दाचा अर्थ जागत बसणें, तो गिरणीकामगारांच्या विश्रांतीचें नांव झाला.

प्रेताजवळच्या जागरणासहि हाच शब्द आहे, व त्याविषयीं एक थाप फार पसरली आहे. १९९९ सालीं ईमेलनें जगभर फिरलेल्या एका मजकुरांत असें सांगितलें होतें कीं, सोळाव्या शतकांत लोक शिशाच्या पेल्यांतून मद्य पिऊन बेशुद्ध पडत. मेलेले समजून त्यांना मेजावर निजवीत, आणि ते जागे होतात कीं काय हें पाहत नातलग भोंवतीं बसत, म्हणून ‘वेक’! अशा कथा चविष्ट असतात, म्हणूनच त्यांचा संशय यावा. चॉसरच्या ‘नाइट्स टेल’मध्यें, म्हणजे चौदाव्या शतकांतच, प्रेताजवळच्या जागरणास ‘लिच-वेक’ असा शब्द आलेला आहे. तेथें जागें होण्याचा प्रश्नच नसून जागें राहण्याचा आहे. माझे वडील गेले ते रात्रीं दहाच्या सुमारास. पहांटेपर्यंत आम्ही भावंडें त्यांच्यापाशीं बसून होतों. कोणी समईची वात पुढें सारी, कोणी उगाच उठून दाराशीं जाऊन येई. ते उठतील अशी आशा कोणासच नव्हती. त्यांना एकटें टाकूं नये एवढेंच सर्वांच्या मनांत होतें. पेल्यांची ती गोष्ट पुढें वाचली तेव्हां तिचा मला हंसण्याऐवजीं रागच आला.

आयरिश लोकांनीं मात्र या दोन अर्थांची गांठ मोठ्या विनोदानें घातली. त्यांच्या एका जुन्या गाण्यांत शिडीवरून पडून मेलेला मजूर स्वतःच्याच ‘वेक’च्या रात्रीं अंगावर व्हिस्की सांडतांच उठून बसतो. जेम्स जॉइसनें १९३९ सालीं आपल्या प्रचंड व दुर्बोध ग्रंथास या गाण्याचेंच नांव दिलें, आणि त्यांतील षष्ठीची खूण तेवढी काढून टाकली; त्यामुळें तें नाम कीं क्रियापद, हेंहि ठरेना.

राहिला ‘वोक’. अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांच्या बोलींत हें रूप विशेषण म्हणून चाले. १९३१ सालीं अलाबामांत नऊ कृष्णवर्णीय मुलांवर खोटा आरोप आला. लेडबेली या गायकानें त्या प्रकरणावर गीत रचलें, व १९३८ च्या सुमारास त्याविषयीं बोलतांना आपल्या लोकांना तिकडे जातांना जागे राहण्याचा इशारा दिला. तो पहारेकऱ्याचा इशारा होता; डोळा लागला तर जीव जाईल, इतका साधा त्याचा अर्थ. २०१४ सालच्या फर्ग्युसनच्या आंदोलनानंतर हा शब्द सर्वतोमुखीं झाला, आणि तेथेंच त्याचें क्रियापद बदललें असें मला दिसतें. जागें राहण्याचें काम मागें पडून ‘मी जागा झालों आहें’ ही एकदां मिळवून कोटावर लावावयाची पदवी झाली. पदवीची टवाळी करणें सोपें असतें, आणि ती यथास्थित झाली. पण टवाळी करणारेहि प्रामाणिक नाहींत. पहाऱ्यावरच्या माणसाची आठवण ते सोईस्करपणें पुसून टाकतात. २०२२ सालीं फ्लॉरिडांत तर अक्षरें जुळवून या शब्दाच्या नांवानेंच त्याविरुद्ध कायदा करण्यांत आला.

विल्यम मेल्विन केली या कृष्णवर्णीय लेखकानें १९६२ सालीं ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधील एका लेखाच्या मथळ्यांतच हा शब्द वापरला होता. त्याच्या लोकांचे शब्द गोरे लोक उचलतात, आणि ते तिकडे रुळेपर्यंत मूळच्या लोकांनीं ते टाकून दुसरे घेतलेले असतात, असा त्या लेखाचा आशय होता.