रुतलेली वार आणि नव्वद टक्क्यांचा आकडा

मूल जन्मल्यावर थोड्या वेळात वार आपोआप सुटून येते, कारण गर्भाशयाचे अस्तर तिला आतल्या स्नायूपर्यंत पोहोचू देत नाही. आधीच्या सिझेरियनच्या व्रणावर हे अस्तर विरळ असते, कधी नसतेच. वार नेमकी तिथे रुजली तर ती स्नायूलाच चिकटते. ती ओढून काढू गेल्यास काही मिनिटांत जिवावर बेतेल इतका रक्तस्राव होतो आणि पुष्कळदा गर्भाशय काढावे लागते. १९३७ साली आयर्विंग आणि हर्टिग यांनी या विकाराचे सविस्तर वर्णन केले, तेव्हा तो प्रसूतीच्या वेळीच कळत असे. आता तो आधी ओळखता येतो असे आपण वाचतो. ही ओळख किती खात्रीची, हे पाहू.

सोनोग्राफीत तज्ज्ञ काही ठरावीक खुणा शोधतात. वारेत रक्ताने भरलेल्या वेड्यावाकड्या पोकळ्या दिसतात, वार आणि स्नायू यांमधली काळी रेषा पुसली जाते, मूत्राशयालगतची पांढरी रेषा तुटते. २०१३ साली धोक्याच्या गटातील स्त्रियांवरचे २३ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. विकार असलेल्या १०० जणींपैकी सुमारे ९१ ओळखल्या गेल्या, नसलेल्या १०० पैकी ९७ जणींबाबत ‘नाही’ हे उत्तर बरोबर निघाले. हेच आकडे सर्वत्र सांगितले जातात.

पण २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात सहा तज्ज्ञांना साठवलेली चित्रे दिली, रुग्णाची माहिती मात्र झाकून ठेवली. त्यांना जेमतेम ५३ टक्के रुग्ण ओळखता आले! साठवलेल्या चित्रात प्रत्यक्ष तपासणीइतके दिसत नाही, हे मान्य. तरी एवढी तफावत त्याने पुरती भरून निघत नाही, असे आम्हाला वाटते. उरलेले उत्तर २००६ सालच्या एका मोठ्या अभ्यासात सापडते. वार गर्भाशयाच्या तोंडावर असेल, तर पहिल्या सिझेरियनच्या वेळी हा विकार ३ टक्के स्त्रियांत आढळला, दुसऱ्याच्या वेळी ११ आणि तिसऱ्याच्या वेळी ४० टक्क्यांत. म्हणजे यंत्र सुरू करण्यापूर्वी, दोन प्रश्न विचारूनच, डॉक्टरांना बरेच कळलेले असते. ते वापरणे योग्यच आहे. त्याचे श्रेय यंत्राच्या खात्यावर मांडणे योग्य नाही.

वर्गात करण्यासारखे एक गणित पाहा. शिकागोच्या एका रुग्णालयात १९८२ ते २००२ या काळात ५३३ प्रसूतींमागे एक रुग्ण आढळली. सोयीसाठी ५०० धरू. सरसकट १०,००० गर्भवतींची तपासणी केली, तर विकार असलेल्या २० पैकी १८ सापडतील. उरलेल्या ९,९८० पैकी ३ टक्के, म्हणजे सुमारे ३००, उगाच ‘आहे’ ठरतील. हीच तपासणी ४० टक्के धोका असलेल्या १,००० जणींत केली, तर सुमारे ३६४ खऱ्या आणि फक्त १८ खोट्या. यंत्र तेच, आकडेही तेच. आणि खोटा होकार निरुपद्रवी नसतो. निदान झाले की प्रसूती साधारण ३४ ते ३६ आठवड्यांतच उरकतात. अपुऱ्या दिवसांचे मूल त्याची किंमत मोजते.

मग एम.आर.आय. करावा, असे सुचवले जाते. तपासणी महाग, म्हणून अधिक खरी, हा समज आपल्याकडे फार घट्ट आहे. २०१८ साली ७८ स्त्रियांच्या अभ्यासात सोनोग्राफीनंतर एम.आर.आय. केला. त्याने १५ जणींचे निदान सुधारले, १३ जणींचे बरोबर निदान बिघडवले! वार मागच्या भिंतीवर असेल तेव्हा त्याचा आधार घेतात. सर्वांना तो लागू करण्याचे कारण आम्हाला दिसत नाही.

याहून मूळचा आक्षेप वेगळाच आहे. निदान बरोबर की चूक, हे ठरवले कशाने? कित्येक अभ्यासांत काढलेल्या ऊतींची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी झालेली नाही. शस्त्रवैद्याचा शेरा प्रमाण मानला गेला. जुना व्रण नुसता उसवला आणि त्यातून वार डोकावली, तरी चित्र बरेचसे तसेच दिसते. अशी वार हाताने सहज सुटूही शकते.

महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १०० पैकी २५ हून अधिक प्रसूती सिझेरियनने झाल्या होत्या. त्यातल्या ज्या पुन्हा गरोदर होतील, त्यांच्या सोनोग्राफीच्या कागदावर आधीच्या शस्त्रक्रियांची संख्या आणि वारेची जागा पहिल्या ओळीत लिहिलेली असावी.