‘नटसम्राटा’ची निवृत्ति

१९७० सालीं रंगभूमीवर आलेलें वि. वा. शिरवाडकरांचें ‘नटसम्राट’ हें नाटक म्हणजे कृतघ्न मुलांची कहाणी, असा समज आपल्या प्रेक्षकवर्गांत रूढ आहे. डोळे पुसून घरीं परतणाऱ्यास तो सोयीचाही आहे; मुलांस दोष दिला कीं पुढें विचार करण्याचें कारण उरत नाहीं. आमच्या मतें या शोकांतिकेचें मूळ मुलांच्या वर्तनांत नसून त्याआधींच, आप्पा बेलवलकरांच्या निवृत्तींत आहे.

शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’शीं या नाटकाचें नातें सर्वश्रुत आहे, परंतु दोघांच्या निवृत्तींतील भेद ध्यानांत घेण्याजोगा आहे. लिअर राज्य वांटून टाकतो, पण राजा ही पदवी आणि शंभर सरदार स्वतःकडे ठेवूं पाहतो. काम नको, मान मात्र हवा, ही त्याची चूक. आप्पांनीं मिळकत मुलांस दिली, रंगभूमि सोडली. राहिली ती केवळ नटाची वाणी. ती कोणास देतां येत नाहीं आणि दिवाणखान्यांत मावतही नाहीं. ज्या स्वरावर नाट्यगृह डोलत असे, तोच घरांत गोंगाट ठरतो. सून आणि लेक अधिक सोशीक असत्या, तर हें दुःख लांबणीवर पडलें असतें, टळलें नसतें.

नातवंडाचें तोंड पाहिलेल्या गृहस्थानें वनाची वाट धरावी, असें आमचे जुने शास्त्रकार सांगतात. तेथें कामाबरोबर घरही सुटतें. आप्पांनीं काम सोडलें आणि घर धरलें. येथेंच घात झाला.

तर मग अखेरपर्यंत काम करीतच राहावें काय? बालगंधर्वांनीं साठी उलटल्यावरही स्त्रीभूमिका केल्या. त्यांच्या गाण्याच्या भक्तांनाही तें पाहणें सर्वस्वीं सुखाचें झालें नसावें. शरीर थकतें, हें खोटें नव्हे. म्हणून खरा प्रश्न काम सोडावें कीं न सोडावें हा नसून, भूमिका सुटल्यावर वाणीस काम कोणतें द्यावें, हा आहे. तरुण नटांस शिकविण्याची वाट तेथें उघडी असते. नाटककारानें तिचा गंभीरपणें विचार केलेला नाहीं, हें वैगुण्य आम्हांस मान्य केलें पाहिजे.

तरीही नाटक शेवटीं खरें बोलून जातें. रस्त्यावर आलेल्या आप्पांना बूटपॉलिश करणाऱ्या राजाजवळ जो आपलेपणा लाभतो, तो पोटच्या मुलांकडे लाभला नव्हता. आणि अखेरच्या क्षणीं त्यांच्या मुखीं येतात त्या जुन्या भूमिकाच. ज्यानें रंगभूमि सोडली, त्यास रंगभूमीनें सोडलेंच नव्हतें.