शेक्सपिअरचं जर्मन वार्षिक

जर्मनीतल्या ‘शेक्सपिअर यारबुख’ या वार्षिकाचा कोणताही क्रमांकित खंड घ्या आणि त्याच्या क्रमांकात १८६४ मिळवा. खंडाचं वर्ष निघतं. ५१वा खंड १९१५चा, ७३वा १९३७चा, १२९वा १९९३चा. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जोडखंड काढायची वेळ आली, तेव्हा त्यावर ८०-८१ असे दोन्ही क्रमांक घातले गेले. हे वार्षिक काढणाऱ्या मूळ जर्मन शेक्सपिअर संस्थेने हिशेब चुकू दिला नाही. एका कवीला वाहिलेलं नियतकालिक इतकं कशाच्या बळावर टिकलं, हा प्रश्न मला त्यातल्या कोणत्याही निबंधापेक्षा मोलाचा वाटतो.

२३ एप्रिल १८६४ रोजी, शेक्सपिअरच्या त्रिशताब्दीला, ग्योथे-शिलरच्या वायमारमध्ये ही संस्था स्थापन झाली. तिच्यासाठी सर्वांत जास्त खटपट केली ती डेसाऊच्या गॅस कंपनीचे प्रमुख विल्हेल्म ओखेलहॉयझर यांनी. त्याच सुमारास डिंगेलश्टेट या नाट्यसंचालकाने शेक्सपिअरची ऐतिहासिक नाटकं वायमारच्या रंगमंचावर ओळीने उभी केली. राजघराण्यातल्या सोफीबाईंनी आश्रय दिला, तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक उलरित्सी अध्यक्ष झाले आणि पुढच्या वर्षी बोडेनश्टेट या कवीच्या संपादनाखाली पहिला खंड निघाला. उद्योजक, नाटकवाला, प्राध्यापक आणि कवी एका सतरंजीवर बसले, हेच या वार्षिकाचं खरं भांडवल.

खुद्द लंडनमध्ये असं जमलं नाही. १८४० साली निघालेली तिथली शेक्सपिअर सोसायटी कॉलिअर यांच्या बनावट कागदपत्रांच्या प्रकरणानंतर १८५३ मध्ये मोडली. फर्निव्हल यांनी १८७३ मध्ये दुसरी काढली, तीही वीसेक वर्षांत आटोपली. कवीच्या मायभूमीत दोन संस्था बुडाल्या आणि परभाषेत एक तगली.

ती तगली पडेल ते काम करून. श्लेगल-टीक यांचं जुनं भाषांतर जर्मनांना घरच्यासारखं झालं होतं. संस्थेने ते तपासून, दुरुस्त करून पुन्हा काढलं. वार्षिकात नव्या पुस्तकांची परीक्षणं आणि शेक्सपिअरविषयी छापल्या गेलेल्या लेखनाची सूची येऊ लागली. त्याहून मोलाची होती रंगभूमीची मोजणी. जर्मन रंगमंचांवर कोणतं नाटक वर्षभरात किती वेळा झालं, याचे रकानेच्या रकाने या खंडांत आहेत. हॅम्लेट कुठे चाललं, कोणतं सुखांतक मागे पडलं, सारं आकड्यांत. ही पानं रूक्ष दिसतात, पण मला ती सर्वांत जिवंत वाटतात. आपल्याकडे शेक्सपिअरवरून केलेलं आगरकरांचं ‘विकारविलसित’ १८८३चं, देवलांचं ‘झुंझारराव’ १८९०चं. ‘झुंझारराव’चे प्रयोग गावोगाव किती झाले याची अशी वर्षवार नोंद समोर असती, तर मराठी रंगभूमीच्या अभ्यासकाचा केवढा वेळ वाचला असता!

याच वार्षिकात लाज वाटावी अशीही पानं आहेत. १९१५ साली, इंग्लंडशी युद्ध पेटलेलं असताना, नाटककार गेर्हार्ट हाउप्टमान यांचं भाषण ५१व्या खंडात आलं. शेक्सपिअर जन्मला आणि पुरला गेला इंग्लंडात, पण खरा जगतो तो जर्मनीत, असा त्याचा रोख होता. प्रेमाची मालकी झाली ती इथे. त्या वाटेचं पुढचं टोक ७३व्या खंडात सापडतं. नाझींचा वंशवादी पंडित हान्स ग्युंथर याने संस्थेपुढे शेक्सपिअरच्या स्त्रीपात्रांवर व्याख्यान दिलं आणि त्यांच्यातून वंशशुद्धीला साजेशा जोडीदार-निवडीचा धडा काढला. संस्थेने ते ऐकून घेतलं आणि छापलंही. विद्वत्तेच्या व्यासपीठावर सत्तेला पाट मांडला की काय होतं, ते इथे शाई-कागदावर कायमचं राहिलं आहे.

महायुद्धानंतर जर्मनीचे दोन तुकडे झाले होते; १९६३च्या सुमारास संस्थाही दुभंगली. वायमार पूर्व जर्मनीत राहिलं. पश्चिमेकडच्यांनी बोखुमला आपली संस्था थाटली. बोखुमच्या नाट्यगृहाला शेक्सपिअरची जुनी परंपरा होतीच. तिथे दिग्दर्शक झालादिन श्मिट यांनी १९२७ मध्ये ऐतिहासिक नाटकांची मालिका सादर केली होती. आता वार्षिकं दोन झाली. वायमारने खंडांचे क्रमांक चालू ठेवले, पश्चिमेच्या वार्षिकावर नुसतं साल असे. त्या काळचा संदर्भ देताना ‘वायमार’ की ‘पश्चिम’ हे अभ्यासकाला आजही लिहावं लागतं. पूर्वेकडच्या खंडांत मार्क्सवादी परिभाषा जड होते हे खरं, तरी रॉबर्ट वायमान यांच्यासारख्या अभ्यासकाने लोकनाट्याच्या परंपरेतून शेक्सपिअर वाचला तो त्याच परिसरात. ते काम टिकाऊ आहे.

१९९३ मध्ये दोन्ही संस्था आणि दोन्ही वार्षिकं एक झाली, क्रमांक १२९. आताचे खंड एखादा विषय धरून निघतात, लेख जर्मन आणि इंग्रजी दोन्ही भाषांत असतात. त्यामुळे वाचक जगभरचा झाला, पण ओखेलहॉयझरसारखा हौशी माणूस या पानांत आज कितपत रमेल, याची मला शंका आहे. परिभाषा प्राध्यापकांची झाली आहे. तरीही नाट्यप्रयोगांची समीक्षा या वार्षिकाने सोडलेली नाही, आणि तेवढ्यासाठी ते अजून वाचावं. जुना खंड कधी हाती आलाच, तर भाषणं बाजूला ठेवा आणि प्रयोगांचे रकाने आधी उघडा.