अक्षरांच्या पडद्यावर गुरुत्वीय तरंग

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ 'लायगो-इंडिया' ही गुरुत्वीय तरंग टिपणारी वेधशाळा व्हायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. तिची निरीक्षणे हाती यायला अवकाश आहे. पण अमेरिकेतील दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी टिपलेला पहिला तरंग आकड्यांच्या साध्या फायलीत कोणालाही मोफत मिळतो. शाळेतल्या जुन्या संगणकावर, नुसती अक्षरे दाखवणाऱ्या पडद्यावर, म्हणजे टर्मिनलवर, त्याचा आलेख निघेल का? या एकाच कसोटीवर काही मुक्त-स्रोत साधने आम्ही पारखली आहेत.

सर्वांत जुने साधन ग्नूप्लॉट. ते १९८६ पासून चालत आले आहे (नावात 'ग्नू' असले तरी ग्नू प्रकल्पाशी त्याचा संबंध नाही). 'सेट टर्मिनल डम्ब' अशी आज्ञा दिली की ते ७९ स्तंभ आणि २४ ओळींत, फुल्या आणि चांदण्या मांडून आलेख काढते. समास वजा जाता आलेखाला सुमारे ७० स्तंभ उरतात. आता हिशेब पाहा. तरंगाचा पाहण्याजोगा भाग ०.२ सेकंदाचा, म्हणून एका स्तंभात जवळजवळ ३ मिलिसेकंद येतात. सुरुवातीला वारंवारता ३५ हर्ट्झ असते. तिथे एका लाटेला दहा स्तंभ मिळतात आणि आलेख झकास दिसतो. पण दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळतात त्या क्षणाच्या आसपास वारंवारता २५० हर्ट्झपर्यंत चढते. तिथे लाट ४ मिलिसेकंदांची, म्हणजे तिच्या वाट्याला दीड स्तंभही नाही. लाट ओळखू यायला निदान दोन नमुने लागतात हा नायक्विस्टचा नियम. म्हणजे ज्या घटनेसाठी हा सगळा खटाटोप, नेमकी तीच फुल्यांच्या गर्दीत हरवते.

यावरचा तोडगा ब्रेल चिन्हांचा. युनिकोडमधील अशा प्रत्येक चिन्हात आडवे २ आणि उभे ४ ठिपके बसतात. त्यांच्या सर्व मांडण्या मिळून २५६ चिन्हे. त्यामुळे ७० स्तंभांचे १४० होतात आणि शेवटच्या लाटेलाही पावणेतीन ठिपके मिळतात. जेमतेम, पण पुरे. ज्युलिया भाषेतील युनिकोडप्लॉट्स हे मुळातच करते, पायथनमधील प्लॉटेक्स्ट सांगितल्यावर करते, आणि ग्नूप्लॉटच्या ६.० या आवृत्तीतही आता ती सोय आहे. आस्कीचार्ट दिसायला गोजिरवाणे; पण ते प्रत्येक आकड्याला एक स्तंभ देते. सेकंदाला ४०९६ नोंदींच्या फायलीत ०.२ सेकंदाला ८१९ स्तंभ लागतील! ते बाजूला ठेवलेले बरे.

तरीही वर्गात आम्ही आधी फुल्यांचाच आलेख काढू. तो कुठे कोसळतो हे विद्यार्थ्याला दिसले पाहिजे. मग त्याच ७० स्तंभांत शेवटचे ०.०५ सेकंद ताणून काढावेत. हरवलेल्या लाटा परत येतात.

खरी अडचण मराठी नावे लिहिताना येते. रोमन अक्षरांसाठी 'टॉम थंब'सारखे अवघ्या ३ गुणिले ५ ठिपक्यांचे टंक आहेत, 'स्प्लीन'चा सर्वांत लहान आकार ५ गुणिले ८ आहे. कौतुक वाटावे असे काम. आपल्या उपयोगाचे नाही. 'हिंगोली' लिहायचे तर शिरोरेषेवर वेलांटी, मात्रा आणि अनुस्वार यांना जागा हवी, आणि दुसऱ्या शब्दात उकार आला तर खालीही हवी. आठ ओळींत हे कोंबले तर मूळ अक्षराचाच बळी जातो. १६ ओळींचा ग्नू युनिफॉन्ट देवनागरी दाखवतो, पण टंक केवळ ठिपके पुरवतो. ऱ्हस्व वेलांटी साठवली जाते व्यंजनानंतर आणि दिसायला हवी आधी. ही अदलाबदल टर्मिनलने करायची असते, आणि अनेक टर्मिनले ती करत नाहीत. शिवाय 'हॅनफर्ड' या नावात सात सांकेतांक आहेत, पडद्यावर ते साधारणपणे पाच घरे व्यापते. आज्ञावलीने सात घरे मोजली, की त्या ओळीपुरती आलेखाची उजवी चौकट दोन घरे आत सरकते.

तोवर चौकटीच्या आत रोमन आद्याक्षरे लिहावीत आणि मराठी नावे आलेखाखाली वेगळ्या ओळीवर द्यावीत.