वाद्य गेलं, सूर राहिले

माझी मुलगी शाळेच्या ऑर्केस्ट्रात व्हायोला वाजवते. मध्यंतरी तिनं शूबर्टचा 'अर्पेजिओने सोनाटा' बसवायला घेतला आणि घरात वाद पेटला. मी म्हटलं, "अगं, हा तर चेलोचा!" ती म्हणाली, "बाबा, तो चेलोचाही नाहीये." तिचंच बरोबर होतं.

तर मंडळी, अर्पेजिओने हे वाद्य १८२३च्या सुमारास व्हिएन्नात योहान गेओर्ग श्टाउफर यानं बनवलं. गिटारसारख्या सहा तारा, तसेच पडदे. पण धरायचं गुडघ्यांत आणि वाजवायचं गजानं. शूबर्टनं १८२४मध्ये त्यासाठी हा सोनाटा लिहिला. तो छापला गेला १८७१मध्ये! तोवर शूबर्ट जाऊन ४३ वर्षं झाली होती आणि वाद्यही मागे पडलं होतं. आमच्या आयटीच्या भाषेत, प्लॅटफॉर्मच बंद झाला, आता पोर्टिंग करा.

पोर्टिंगमध्ये काहीतरी सुटतंच. चेलोला खर्जातले सूर मिळतात, पण तार सप्तकात त्याला कसरत करावी लागते. व्हायोलाचं उलट. वरचे सूर सहज, पण खालचे काही तिच्याकडे नाहीतच; त्या ओळी एक सप्तक वर घ्याव्या लागतात. सहा तारांवरचे स्वरमेळ तर चार तारांवर दोघांनाही जसेच्या तसे जमत नाहीत.

रोस्ट्रोपोविच आणि ब्रिटन यांचं १९६८चं ध्वनिमुद्रण मी वर्षानुवर्षं ऐकतोय. त्यातला संथ मधला भाग मला आजही चेलोवरच हवा. इतका लांब श्वास व्हायोलाला पुरत नाही. पण पहिल्या भागाबद्दल माझं मत बदललं. तिथे शूबर्ट स्वतःशीच गुणगुणतो. चेलो ते गुणगुणणं सगळ्या सभागृहाला ऐकवतो, व्हायोला मात्र शेजारी बसून गुणगुणते. रूपांतर म्हणजे दुय्यम माल, हा माझा समज तिथेच संपला. काय सोडायचं आणि काय जपायचं, हे ठरवणं हीसुद्धा कलाच.

परवा सराव करताना लेक एका ओळीवर थांबली. "बाबा, इथे खरं तर खाली जायचं होतं, माझ्याकडे तार नाही." मग तीच ओळ तिनं वरच्या सप्तकात, अगदी हळू वाजवली. तो न वाजलेला खर्ज मला ऐकू आला. तुम्हीही दोन्ही ऐका आणि आमच्या वादाचा निकाल लावा!