कांदा आणि राज्यघटना

डॅरन असेमोग्लू व जेम्स रॉबिन्सन यांच्या 'व्हाय नेशन्स फेल' (2012) या ग्रंथाचा सिद्धांत असा कीं, सत्ता सर्वांची तेथें समृद्धि, मूठभरांची तेथें दारिद्र्य. आम्हीं तो नाशिकच्या कांद्यावर पारखून पाहिला. आमच्या राज्यघटनेनें शेती व बाजार राज्यांकडे, परदेशव्यापार केंद्राकडे सोंपविला आहे. म्हणून लासलगांवचा लिलाव महाराष्ट्राच्या कायद्यानें चालतो. पण डिसेंबर 2023 मध्यें निर्यातबंदी दिल्लीहून आली आणि त्याच लिलावांतील भाव कोसळले. येथें लाभ मूठभरांचा नव्हे. स्वस्त कांदा मागणारे मतदार पिकविणाऱ्यांहून कितीतरी अधिक आहेत. (आपण वाचक-लेखकही त्यांतलेच!) या प्रकारास ग्रंथकारांच्या दोन कप्प्यांत आम्हांस तरी जागा सांपडली नाहीं. बंदी उठली 4 मे 2024 रोजीं. नाशिकचें लोकसभेचें मतदान 20 मे रोजीं होतें.