एका शब्दाचे तीन काळ

‘तारण’ हा शब्द मराठी माणसाच्या कानी प्रथम पडतो तो बहुधा सावकाराच्या ओटीवर किंवा बँकेच्या कचेरीत. जमीन तारण, दागिना तारण, तारणावाचून कर्ज नाही! परंतु याच भाषेत असे काही लाख लोक आहेत, की जे दर रविवारी हाच शब्द प्रार्थनेत उच्चारतात आणि त्यांच्या मनात त्या वेळी गहाणखत नसते. असतो तो आत्म्याचा उद्धार. मराठी ख्रिस्ती माणसाचा ‘तारणारा’ म्हणजे प्रभू येशू. एकाच शब्दाच्या पोटात कर्ज आणि कृपा अशी शेजारी बसलेली पाहून प्रथम गंमत वाटते. जरा विचार केला म्हणजे मात्र ध्यानात येते, की हा शेजार अगदीच अपघाती नाही. नव्या करारात मुक्तीसाठी जो एक ग्रीक शब्द वारंवार येतो, तो मुळात मोल भरून गुलाम सोडवून आणण्याचाच शब्द आहे. आपल्या भाषांतरकारांनी त्यासाठी ‘खंडणी’ हा शब्द घेतला. आज तो शब्द ऐकून वाचकाला गुंड आठवतात, यात बिचाऱ्या भाषांतरकारांचा दोष नाही.

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाकडे आपण साहित्यिक म्हणून पाहतो; पण त्याच्या गाभ्याशी असलेली ही तारणाची कल्पना ‘तो त्यांच्या धर्माचा प्रश्न’ असे म्हणून बाजूला ठेवतो. माझ्या मते यामुळे त्या वाङ्मयातील उत्तम ग्रंथसुद्धा आपण अर्धेच वाचले आहेत. ही कल्पना नीट समजून घेतली तर कोणते पुस्तक खरोखर थोर आणि कोणते नुसते ऐतिहासिक महत्त्वाचे, याचा एक चांगला निकष हाती येतो. तो हाती घेण्याचा हा प्रयत्न आहे.

ख्रिस्ती मताप्रमाणे तारणाला तीन काळ आहेत. पहिला भूतकाळ : माझे पाप क्षमा झाले, देवाशी माझा तुटलेला संबंध जुळला. हे माझ्या पुण्याईने झाले नाही. ते दान आहे. दुसरा वर्तमानकाळ : मी दिवसेंदिवस पालटतो आहे, जुनी खोड सुटते आहे, प्रेम करावयास शिकतो आहे. यालाच ते लोक पवित्रीकरण म्हणतात. आणि तिसरा भविष्यकाळ : हे काम एक दिवस पुरे होईल, या देहात नव्हे. पौलाने आपल्या एका मंडळीला तुम्ही अजून दुधावरची बाळे आहात, जड अन्न तुम्हाला पचत नाही, असे स्पष्ट सुनावले आहे. म्हणजे जन्म झाला एवढ्याने भागत नाही. बाळ वाढले पाहिजे. दान फुकट मिळाले तरी ते अंगी मुरावयास आयुष्य लागते. श्रद्धा आणि आचरण यांचा वाद त्या धर्मात शतकानुशतके चालला, त्याचे मूळ या दोन काळांपैकी एकावरच बोट ठेवण्यात आहे.

हा विचार मराठीत आणताना लेखकांची जी तारांबळ उडाली, ती पाहण्यासारखी आहे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने १६१६ साली गोव्यात राचोल येथे ‘ख्रिस्तपुराण’ छापले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ; छापला गेला तो मात्र रोमन लिपीत! स्टीफन्सला परके वाटेल असे काही करावयाचे नव्हते. त्याने स्वर्गाला सरळ वैकुंठ म्हटले आणि ग्रंथाला पुराण. याच्या अगदी उलट टोकाला पंडिता रमाबाई. त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीक शिकून स्वतः केलेले बायबलचे भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली, पुरे प्रसिद्ध झाले. संस्कृतात पारंगत असलेल्या या बाईंनी वेदान्ताचा वास येणारे शब्द कटाक्षाने टाळले आणि साध्या बायकांना कळेल अशी भाषा धरली. एकाला शब्द ओळखीचा हवा होता. दुसरीला त्या ओळखीचीच भीती वाटत होती.

दोघांचीही अडचण खरी होती. एकच उदाहरण पाहा. येशूने निकदेमाला माणसाने नव्याने जन्मले पाहिजे असे सांगितले. आता मराठीत ‘पुनर्जन्म’ हा तयार शब्द आहे. पण आपल्याकडे पुनर्जन्म म्हणजे ज्यातून सुटावयाचे ते. तेथे नवा जन्म म्हणजे ज्यात शिरावयाचे ते! तयार शब्द घेतला तर अर्थ डोक्यावर उभा राहतो. म्हणून ‘नवा जन्म’ हा साधा शब्द वापरावा लागला, आणि तोच योग्य ठरला.

या दोन विचारसरणी एकाच मातीत शेजारी शेजारी पाहावयाच्या असतील तर जालना जिल्ह्याइतके चांगले ठिकाण नाही. घनसावंगी तालुक्यातले जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. समर्थांनी दासबोधाच्या चौथ्या दशकाच्या शेवटी सलोकता, समीपता, सरूपता आणि सायुज्यता या चार मुक्ती सांगितल्या आणि पुढच्याच दशकात बद्ध, मुमुक्षू, साधक व सिद्ध अशा माणसाच्या चार अवस्था एकामागून एक वर्णिल्या. वाढीचा इतका रोखठोक नकाशा मराठीत दुसरा नाही. ख्रिस्ती विचारालाही पायऱ्या मान्य आहेत. पण दोन ठिकाणी वाटा फुटतात. समर्थांच्या मते माणसाला बांधते ते अज्ञान, ख्रिस्ती मताने बांधते ते पाप. आणि समर्थांची अक्षय मुक्ती सायुज्यता, जेथे मीपण उरत नाही. ख्रिस्ती भक्ताला मात्र अखेरीसही देवापुढे उभा राहणारा ‘मी’ हवा आहे; कारण प्रेमाला दोघे लागतात. यात कोण बरोबर हे ठरविण्याचे हे स्थळ नव्हे. पण फरक पुसून टाकून ‘सगळे एकच’ असे म्हणण्याने दोघांचाही मान राहत नाही.

याच जालन्याजवळ एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी बेथेल नावाचे ख्रिस्ती लोकांचे गाव वसविले. ब्राह्मण कुळात जन्मलेल्या नारायणरावांनी १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा शहरात केवढी खळबळ उडाली होती! त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत त्यांच्यापाशी राहिला, प्रकरण कोर्टात गेले, मुलगा आईबापांच्या हवाली झाला. आणि मग त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे की नाही यावर वाद माजला. बाळशास्त्री जांभेकरांनी श्रीपतच्या बाजूने उभे राहून स्वतःवर रोष ओढवून घेतला. हा सारा इतिहास वाचताना एक गोष्ट खटकते. दोन्ही पक्ष भांडत होते ते एका क्षणाबद्दल : पाणी शिंपडले की नाही, पंगतीत जेवला की नाही. त्या मुलाच्या आत काय वाढत होते, हे कोणी विचारले असे दिसत नाही.

नारायणरावांचे पुढचे आयुष्य मात्र त्या क्षणाच्या पलीकडे गेले. ते निजामाच्या राज्यातील जालन्याला आले, मांग आणि महार वस्त्यांतून हिंडले. पहिले सालारजंग हे हैदराबादचे दिवाण. त्यांच्याकडून त्यांनी जमीन मिळविली आणि तेथे बेथेल उभे राहिले. बेथेल या हिब्रू शब्दाचा अर्थ देवाचे घर. जुन्या करारात घर सोडून पळालेला याकोब रानात दगड उशाला घेऊन झोपतो आणि त्याला पृथ्वीवरून आकाशाला भिडलेली शिडी दिसते, ते हे नाव. १८७३ साली न्यू यॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेत नारायणराव बोलले. पण त्यांचे खरे भाष्य त्या गावातच आहे. ज्याच्या मागच्या पिढ्यांना गावकुसाबाहेर राहावे लागले, त्याला ‘तुझे तारण झाले’ एवढे सांगून पुरत नाही. त्याला जमीन हवी, घर हवे, मुलाला अक्षरओळख हवी. येथे ‘तारण’ शब्दाचे सावकारी आणि आध्यात्मिक हे दोन्ही अर्थ एकत्र आले. टीकाकार म्हणतील, की भाकरीसाठी धर्म बदलला. पण उपाशी माणसाच्या श्रद्धेची परीक्षा पोट भरलेल्याने घ्यावी, हा न्याय मला तरी मान्य नाही.

आता पुस्तकांकडे वळू. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालचे. मराठीतली पहिली कादंबरी हा मान बहुतेक जण तिला देतात. विधवांच्या हालांचे चित्रण त्यात कळकळीने केले आहे. परंतु यमुना पहिल्यापासून इतकी शहाणी आहे, की तिला वाढावयास जागाच उरत नाही. ती भेटते, ऐकते, उपदेश करते. तिच्या आत वादळ असे होतच नाही. तारणाचा भूतकाळ तेवढा लेखकाला ठाऊक आहे. पुढे ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात मात्र बाबांनी स्वतःचा प्रवास सांगितला आणि तेथे लेखणी जिवंत झाली. नावच पाहा! सूर्योदय नव्हे, अरुणोदय. अंधार हळूहळू विरत जाण्याची वेळ. शंका, भीती, घरच्यांची ओढ हे सारे त्यात आहे. बाप्तिस्म्यानंतरचे चढउतार मात्र त्यांनी तितक्या बारकाईने दाखविले नाहीत. पहाट झाली, पुढचा दिवस कसा गेला?

तो दिवस पंडिता रमाबाईंनी सांगितला. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला. पण पुढे आपली साक्ष लिहिताना त्यांनी निर्भयपणे नोंदविले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडावयास आणखी आठ वर्षे लागली. एवढी प्रसिद्ध, एवढी कर्तबगार बाई असे लिहिते, याला धैर्य लागते.

आणि मग ‘स्मृतिचित्रे’. लक्ष्मीबाई टिळकांचे हे आत्मचरित्र १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत आले आणि तेव्हापासून मराठी घरांत ते हसत हसत वाचले जाते. वडिलांचे सोवळे, टिळकांचा विक्षिप्तपणा, पैशांची ओढाताण, सारे आपल्याला तोंडपाठ असते. पण माझे म्हणणे असे, की हे पुस्तक मुळात तारणावरचे आहे आणि आपण त्याला संसारावरचे समजतो. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधली पाच वर्षे हाच या ग्रंथाचा कणा आहे. त्या वर्षांत ही बाई नवऱ्याच्या नावाने रडते, चिडते, आणि त्याच्याजवळ राहावयास येते तीही आपले सोवळे बरोबर घेऊनच. तिला कोणी वादात जिंकत नाही. एके दिवशी तिच्याच मनात प्रश्न उठतो, की ही जात देवाने केली की माणसाने? आणि त्या प्रश्नाबरोबर कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याची भीती गळून पडते. लक्ष द्या : आधी माणसांमधली भिंत पडली, धर्मांतर नंतर आले. शास्त्राच्या पुस्तकांत क्रम उलटा असतो; जीवनात तो असाही असतो, हे लक्ष्मीबाईंनी कोणताही आव न आणता दाखविले. पुढे अनाथ मुलांनी त्यांचे घर भरले. पवित्रीकरण हा अवजड शब्द त्यांच्या स्वयंपाकघरात अशा रीतीने विरघळला.

खुद्द टिळकांचेही तेच. संतांच्या, विशेषतः तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे त्यांनी मानले आणि अभंगात ख्रिस्त गायिला. पण बाप्तिस्म्याने त्यांचे समाधान झाले नाही. तब्बल बावीस वर्षांनी, १९१७ साली, मिशनची चाकरी सोडून ते संन्यस्त वृत्तीने साताऱ्यास गेले आणि ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. १९१९ साली ते वारले. त्यांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले, ते शाळेची पायरी क्वचितच चढलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढे नेले आणि १९३८ साली, त्याही गेल्यावर, ते प्रसिद्ध झाले. काव्य म्हणून त्यात उणिवा आहेत. कथेचा ओघ कोठे कोठे मंदावतो. पण सोवळे घेऊन आलेल्या बाईच्या हातून हे व्हावे, यापेक्षा वाढीचा आणखी कोणता पुरावा हवा?

सारांश, निकष हा. जे पुस्तक तारणाला एक तारीख समजते ते प्रचाराचे होते. जे त्याला वाढ समजते ते वाङ्मय होते. हा निकष केवळ ख्रिस्ती पुस्तकांना लागू आहे असेही नाही. आपल्याकडच्या किती संतचरित्रांत साक्षात्काराचा प्रसंग रंगवून सांगितला जातो आणि त्यानंतरची वीस वर्षे दोन ओळींत संपतात! समर्थांनी साधकावर एक सबंध समास खर्च केला, तो उगीच नव्हे.

येशूच्या एका दृष्टान्तात शेतकरी बी पेरून झोपी जातो, उठतो, पुन्हा झोपतो. बी कसे वाढते हे त्याला कळत नाही, पण ते वाढत असते. १९६४ साली जालन्यात महिको ही बियाण्यांची कंपनी निघाली आणि पुढे हे शहर देशभर बियाण्यांसाठी ओळखले जाऊ लागले. तेथील कोणताही शेतकरी सांगेल, की बियाण्याची पिशवी पावती दाखवून मिळते, पीक मात्र पावतीवर उगवत नाही. यंदाच्या दिवाळीत फराळाचे ताट बाजूला सारून कोणी ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा उघडलेच, तर हसावयाच्या जागा आल्या म्हणजे मनमुराद हसावे. पण मधल्या पाच वर्षांची पाने जरा सावकाश वाचावीत.